सैल मॅडम

केडगावात पुणे रोडला उतरून तुम्ही 'फिजिओथेरपीच्या सुमन मॅडम कुठं बसतात?' असं विचारलं असतं, तर चार माणसांनी चार दिशा दाखवल्या असत्या. 'सैल मॅडम' म्हटलं की मात्र रिक्षावाला पुढचं काही न विचारता पिठाच्या गिरणीसमोर आणून सोडायचा. गिरणीच्या वर त्यांच्या दोन खोल्या होत्या. खालून दिवसभर घरघर यायची, आणि जिन्याच्या कठड्यावर पिठाचा बारीक थर असायचा. डोकेदुखीच्या माणसांना गिरणीच्या डोक्यावर बोलावणारी बाई मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

मी त्या डोकेदुखीवाल्यांपैकीच एक. हायस्कुलात मराठी शिकवतो. माझी बरीचशी नोकरी मुलांच्या वह्यांतल्या 'पानी'तला 'न' खोडून वर तांबड्या शाईनं 'ण' लिहिण्यात गेली, आणि उरलेली अर्धशिशीत. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले की मी वर्गाला धडा वाचायला सांगून खुर्चीत डोळे झाकून बसायचो. पोरांना वाटायचं, सर चिंतन करतात. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, डोक्याचे फोटो काढून झाले. शेवटी डॉक्टरांनीच सुमन मॅडमचं नाव सांगितलं. मी टाळाटाळ केली, तेव्हा बायको मला गिरणीत दळण न्यायच्या निमित्तानं घेऊन गेली आणि डबा खाली ठेवून माझी वरात वर काढली.

खोलीत हिरवट पडदे, एक उंच लाकडी कॉट, भिंतीला टेकवलेला आरसा आणि दोरीवर वाळत घातलेले ओले पंचे. मॅडम अनवाणी. पन्नाशीच्या आसपासचं वय, अंगानं काटक, केस करकचून बांधलेले, आणि बोलणं असं की एकेक शब्द धुऊन ठेवलेला. मी मराठीचा मास्तर, मला हे आधी ऐकू येतं. इतकं शुद्ध तर आमच्या स्टाफरूममध्येही कुणी बोलत नाही, मी धरून.

"सर, दुखत नसतं तेव्हा तुम्ही काय करता?" त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला.

"दुखायची वाट बघतो."

त्या हसल्या. त्यांचं हसणं आवाज न करता व्हायचं, नुसते खांदे हलायचे. मग म्हणाल्या, "झोपा. डोळे मिटा. आता सांगा, तुमची सावली कुठली?"

मला वाटलं, बाई भुतंखेतं काढणारी असावी. म्हणालो, "स्टाफरूममधला पंखा."

"तो वारा झाला. मी सावली विचारली. नगर जिल्ह्यात वाढलात ना? मग उन्हाळ्यात पळत जाऊन कुठं तरी टेकला असालच. तिथं जाऊन या."

मी चिडलेलोच होतो. तरी कपाळावर गार पंचा होता, पडद्यातून हिरवा उजेड येत होता आणि खाली गिरणी चालू होती. थोड्या वेळानं ती गिरणी राहिलीच नाही. पारनेर तालुक्यात माझ्या मामाच्या विहिरीवर इंजिन होतं, तसला तो आवाज झाला. विहिरीच्या कडेला जांभळाचं झाड होतं. खाली पिकून पडलेल्या जांभळांचा चिखल, त्यात उमटलेली माझी पावलं, आणि विहिरीतून वर येणारा तो गार, शेवाळलेला वास. हे झाड मला इतक्या वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं.

"वारा कुठून येतोय?" मॅडमनी फार हळू विचारलं.

"विहिरीकडून."

"येऊ द्या. सावली कुठवर आलीय? गुडघ्यापर्यंत? कपाळावर येईपर्यंत थांबा. घाई नाही."

मी उठलो तेव्हा गिरणी बंद झाली होती आणि बायको दळण घेऊन घरी गेली होती. दुखणं पूर्ण उतरलं होतं असं नाही. पण ते माझ्यापासून थोडं लांब बसलं होतं. एवढंही फार दिवसांत झालं नव्हतं.

गोळ्या बंद करू का, असं मी लगेच विचारलं. त्या पटकन म्हणाल्या, "नाही हं. गोळी डॉक्टरांनी दिलीय, ती डॉक्टरच बंद करतील. माझं काम गोळीच्या अलीकडचं." आणि दाराशी आल्यावर म्हणाल्या, "तुमचं दुखणं मनाचं आहे असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. दुखणं खरं आहे. पण त्याच्याभोवती तुम्ही जी मूठ आवळून बसलाय ना, ती सोडवता येते."

त्यांच्याकडे येणारे सगळे हेच शिकत. मानेचे, पाठीचे व्यायाम होते, श्वास होता, ओले पंचे होते, सकाळचं चालणं होतं. पण बाहेरच्या बाकावर बसलेली माणसं एकमेकांना विचारायची ते एवढंच, "जाऊन आला का सावलीला?" कुणाची चिंच होती, कुणाचा देवळामागचा वड, एका बाईंची माहेरच्या गोठ्याची पडवी. एकदा दोन म्हाताऱ्यांच्या लक्षात आलं की दोघी एकाच गावच्या आणि एकाच लिंबाखाली जातात. मग तिथं कोण कुठल्या बाजूला बसायचं यावरून त्यांचं असं वाजलं की मॅडमनी एकीला सकाळची आणि दुसरीला दुपारची वेळ दिली.

मॅडमना सगळ्यांच्या सावल्या पाठ होत्या. माणसाचं नाव विसरायच्या, सावली नाही. रस्त्यात मी भेटलो तर "काय जांभूळ, कसं काय डोकं?" अशी हाक यायची. मीही एकदा विचारलं होतं, "मॅडम, तुमची सावली कुठली?"

"माझी कशाला? मी कुठं आजारी आहे?" असं म्हणून त्यांनी पंचा पिळला. तो पिळून कोरडा झाला तरी पिळत राहिल्या. बाकावर यावरून पैजा लागत. कुणी म्हणायचं पुण्यात बाग असेल, कुणी म्हणायचं कॉलेजातला गुलमोहोर असेल. गाव विचारलं तर त्या हातानं पूर्वेकडं दाखवून "तिकडे, पाथर्डीच्या पलीकडे," एवढंच म्हणत आणि पुढच्या माणसाला आत बोलावत.

आता 'सैल' या नावाची हकिकत. "सैल सोडा" हे त्यांचं दिवसभराचं पालुपद. खांदा सैल, जबडा सैल, भुवई सैल. आमच्याकडच्या माणसाला कुणी सैल सोड म्हटलं की तो आधी ताठ होतो. राळेगणकडचे रंभाजीबाबा तसलेच. बैलगाडी हाकण्यात जन्म गेलेला, पाठ कायमची धरलेली. पाठीवर त्यांनी शेकण्यापासून डाग देण्यापर्यंत सगळं करून झालं होतं. मॅडम "सैल सोडा" म्हणाल्या की बाबा दात आवळून म्हणायचे, "सोडलंय की वो! आजून किती सोडू?" आणि हात लावावा तर खांदा दगड.

त्या दिवशी मी बाहेर माझ्या पाळीची वाट बघत होतो. दार अर्धवट उघडं होतं. मॅडमनी त्यांच्या खांद्यावरचा हात काढला. मग एकदम वेगळ्याच आवाजात, म्हणजे रस्त्याच्या पलीकडच्या माणसाला सांगावं तशा, म्हणाल्या, "बाबा, उतार संपला. आता सपाटी आहे. कासरा सैल सोडा."

म्हाताऱ्याचे खांदे खाली आले. मला दारातून दिसलं. दोन्ही हातांच्या मुठी उघडल्या आणि बैलांची दोरी खरंच सुटल्यासारखी बोटं पसरली. बाबांना रडू आलं, आणि रडता रडता ते म्हणाले, "बाई, तुमाला काय म्हाईत उतार?"

मॅडम म्हणाल्या, "पुस्तकात असतं सगळं." तेव्हापासून त्या सैल मॅडम झाल्या. कुठल्या पुस्तकात कासरा असतो, हे विचारायचं माझ्याही डोक्यात आलं नाही.

त्यांच्या दोन खोडी मला फार गमतीच्या वाटत. एक म्हणजे उसाचा रस. चैत्रात रोडच्या कडेला रसवंत्या लागतात, घुंगरं वाजतात, येणारा-जाणारा थांबतो. मॅडम वडापाव खातील, भेळ खातील, बर्फाचा गोळासुद्धा खातील, पण रसाचा ग्लास पुढं केला की दोन पावलं मागं. "नको. मला वास सोसत नाही," म्हणायच्या. नगर जिल्ह्यात राहून उसाचा वास न सोसणं म्हणजे कोकणात राहून माशांचा न सोसण्यासारखं. त्यावरून मी त्यांना पुष्कळ छळलं.

दुसरी खोड दुपारची. एकदा मी चुकून जेवणाच्या सुट्टीत वर गेलो. खोली रिकामी. कॉट रिकामी. परत फिरणार तेवढ्यात कॉटखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले.  खाली वाकून बघतो तर मॅडम फरशीवर पंचा अंथरून, हात उशाला घेऊन गाढ झोपलेल्या. वर इतकी चांगली गादी, आणि ही बाई कॉटच्या खाली! जाग आल्यावर जराही लाजल्या नाहीत. म्हणाल्या, "फरशी गार असते, सर. आणि डोक्यावर काहीतरी असलं की झोप येते." मी घरी येऊन हे तिखटमीठ लावून सांगितलं. बायको म्हणाली, मोठी माणसं अशी थोडी चक्रम असायचीच.

मग भानुदास आला. तिसगावचा, टेम्पोवाला. बाजाराचा कांदा नगरला आणायचा. माल उतरवताना टेम्पोच्या हौद्यातून डोक्यावर पडला. जिवावरचं दवाखान्यात निभावलं, पण उजवा हात निर्जीव झाला आणि बोलणं गेलं. समोरची वस्तू कळायची, नाव यायचं नाही. त्याची बायको कमल त्याला धरून जिना चढवायची. चढताना तीच सगळं बोलायची, त्याच्या वाट्याचंसुद्धा.

हातासाठी आरसा होता. आरसा मधोमध उभा करून मॅडम भानुदासला डावा हात हलवायला सांगत, आणि उजवा आरशामागं झाकून ठेवत. आरशात बघताना त्याला उजवाच हात हलतोय असं दिसायचं. पहिल्यांदा दिसला तेव्हा त्यानं आरशातल्या त्या हाताकडं असं बघितलं की जणू गावाकडून कुणीतरी आलंय. किती तरी वेळ तो मूठ उघडत होता आणि मिटत होता. डोळे अर्धवट मिटलेले, ओठांवर हसू. 

बोलण्याचे व्यायाम शिकवणारी एक मुलगी पुण्याहून महिन्यातून एकदा यायची. मधल्या दिवसांत तिनं दिलेली चित्रं दाखवून मॅडमच सराव घेत. असंच एकदा पाण्याच्या तांब्याचं चित्र दाखवून त्यांनी विचारलं, "भानुदास, हे काय आहे?" त्यानं डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या, मान हलवली, आणि एकदम म्हणाला, "पानी!"

कमलनं दोन्ही हात तोंडावर घेतले. बाहेरच्या बाकावरचे आम्ही सगळे उठून दारात. आणि मॅडम शांतपणे म्हणाल्या, "छान. आता नीट म्हणा. पाणी. ण. जीभ वर, मागे."

"पानी."

"पाणी."

"पानी," भानुदास घामाघूम होऊन म्हणाला.

तेव्हा कमल मध्ये पडली. "अवो मॅडम, त्यांचं चुकतंय कुटं? ते पयल्यापास्नं पानीच म्हंत्यात. लगीन झाल्यापास्नं आयकतीय मी!"

दारात हशा पिकला. मी तर सगळ्यांत मोठ्यानं हसलो, कारण हा विनोद माझ्या धंद्यातला होता. मॅडमचेही खांदे हलत होते. हलता हलता त्या खिडकीकडं वळल्या आणि बराच वेळ पाठमोऱ्याच राहिल्या. मी समजलो, बाईंना हसू आवरत नाहीये. परत वळल्या तेव्हा म्हणाल्या, "बरोबर आहे कमल तुझं. पानी. पुढचं चित्र." त्यानंतर त्यांनी भानुदासचा एकही 'न' दुरुस्त केला नाही.

भानुदास सुधारत गेला. पूर्वीसारखा झाला नाही, टेम्पो भावाला दिला. पण बोलायला लागला, बाजारातल्या लिंबाच्या सावलीला जाऊन यायला लागला, आणि सुधारलेल्या माणसांना असते तशी त्याला तिथं यायची चटक लागली. बाकावर बसून नव्या लोकांना तो व्यायाम सांगायचा.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी मॅडमची स्कूटर बायपासच्या वळणावर वाळूवरून घसरली. डोक्याला मार. उजवी बाजू लुळी. बातमी मला गिरणीवाल्यानं फोन करून सांगितली, आणि फोन ठेवताना तो म्हणाला, "सर, वर आज पेशंट आलेत. त्यांना काय सांगू?"  मी वर्गात गेलो आणि पोरांना धडा वाचायला लावला.

ऑपरेशन झालं, जीव वाचला. पुण्याहून त्यांची धाकटी बहीण शालिनी आली आणि त्यांना गिरणीवरच्या खोलीतच घेऊन आली, कारण त्यांना ओळखीची जागा बरी पडेल असं डॉक्टर म्हणाले होते. मॅडम त्याच कॉटवर पडल्या होत्या. डोळे उघडे, माणूस ओळखायच्या, पण शब्द नाही. उजव्या हाताची मूठ घट्ट आवळलेली, कुणी सोडवू म्हटलं तर आणखी आवळायची. पुण्याची मुलगी आता आठवड्याला यायला लागली. तिनं स्पष्ट सांगितलं, एखादा तरी शब्द यायला हवा, म्हणजे त्याला धरून पुढं जाता येईल. तो येत नव्हता. दिवस जातील तशी शालिनीची मान खाली जात होती.

आम्ही सगळे येत होतो. रंभाजीबाबा येऊन "बाई, सपाटी हाय आता" म्हणून गेले. कमल पंचे भिजवायची. भानुदास आरसा धरून बसायचा, सकाळी यायचा तो गिरणी बंद होईपर्यंत. आणि सगळ्यांना एकच अडचण. मॅडमना सावलीला न्यायचं तर कुठल्या? जन्मभर बाईंनी आमच्या सावल्या सांभाळल्या आणि स्वतःची कुणाला सांगितली नाही. मला त्यांचा रागच आला, खरं सांगतो. शेवटी लोकांनी आपापल्या द्यायला सुरुवात केली. त्या दोन भांडखोर म्हाताऱ्यांनी आपला लिंब मिळून दिला. मीही कॉटशेजारी बसून त्यांना मामाच्या विहिरीवर नेलं. जांभळांचा चिखल सांगितला, शेवाळाचा वास सांगितला. त्या ऐकत होत्या. मूठ काही सुटली नाही. परक्याच्या घरी पाहुणा अवघडून बसतो तशा त्या माझ्या जांभळाखाली बसल्या होत्या.

दसरा झाला होता. पुण्याची मुलगी आली होती, आणि तिनं तीच जुनी चित्रं काढली. तांब्याचं चित्र समोर धरून ती म्हणाली, "मॅडम, हे काय आहे?"

मॅडमचे ओठ हलले. हे रोजचंच होतं. पण त्या दिवशी घशातून आवाज आला, मोडका, लहान पोरीचा असावा तसा. "पानी."

कमलच्या हातातला पंचा खाली पडला. शालिनी रडायला लागली. पुण्याची मुलगीही खूश झाली, आणि शिकली होती त्याप्रमाणे हळुवारपणे म्हणाली, "खूप छान, मॅडम. पाणी. ण म्हणा, ण." आणि समोरच्या कागदावर तिनं काहीतरी खूण केली.

"पानी," मॅडम म्हणाल्या. आता जरा जोरात. "पानी हाय."

"अवो, लिवू नका चूक!" भानुदास ताडकन उठला. "बराबर हाय ते!"

ती मुलगी गोंधळली. बिचारीचं काही चुकलं नव्हतं. डोक्याला मार लागल्यावर माणसाचे उच्चार बिघडतात, आणि मॅडमचं बोलणं पूर्वी कसं स्वच्छ होतं ते तिनं स्वतः ऐकलं होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं. "सर, तुम्ही मराठीचे ना? तुम्ही सांगा. हे बरोबर धरायचं का?"

मी शालिनीकडं पाहिलं. ती डोळे पुसत म्हणाली, "ताई लहानपणी असंच बोलायची."

मग तिनं सांगितलं. आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की बैलगाडी जुंपून कारखान्याकडं, ते उन्हाळ्यात परत. शालिनी धाकटी, तिला आजीजवळ ठेवायचे. सुमनला मात्र बरोबर न्यायचे. पुढं ती शाळेत गेली तेव्हा तिच्या बोलण्याला मुली हसल्या, मास्तरांनी फळ्यापुढं उभं करून 'ण' म्हणवून घेतला. "एका वर्षात तिनं सगळं बोलणं बदललं. घरी आईशीसुद्धा 'आहे' म्हणायची. आई म्हणायची, माजी पोरगी पाव्हणी झाली."

"बरोबर आहे," मी त्या पुण्याच्या मुलीला सांगितलं. "अगदी बरोबर आहे. पैकीच्या पैकी." 

मी मॅडमकडं बघत बसलो. माझ्या डोळ्यांपुढं कासरा आला, रसाचा ग्लास आला, आणि कॉटखालून बाहेर आलेले ते दोन पाय आले. मी शालिनीला विचारलं, "आईबाप ऊस तोडत असताना दुपारची पोरं कुठं ठेवतात?"

"कुठं ठेवणार? उघडं रान. झाडसुद्धा नसतं." ती विचार करून म्हणाली, "गाडीखाली."

शब्द येत राहिले, एकेक, चाचरत. भाकर. गाडी. आये. सगळे त्या जुन्या बोलण्यातले. धुऊन ठेवलेल्या शब्दांपैकी एकही आला नाही. हात मात्र तसाच होता. पुढच्या उपचारासाठी शालिनीनं त्यांना पुण्याला आपल्या घरी न्यायचं ठरवलं, आणि ते योग्यच होतं. दिवाळी झाली होती, कारखाने सुरू झाले होते. जायच्या आदल्या दिवशी भानुदास भावाची जीप घेऊन आला. चालवायला भाऊ, मागं मॅडम, शालिनी, कमल आणि मी. कुठं चाललोय हे मॅडमना कुणी सांगितलं नाही.

कारखान्याच्या अलीकडं मोकळ्या रानात तोडणीवाल्यांच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडल्या होत्या. दुपारची वेळ. बैल सोडलेले, उसाच्या शेंड्यांचं वाढं खात उभे. रिकाम्या गाड्या ओळीनं टेकवलेल्या. सगळीकडं तो उसाचा आंबूस गोड वास. मी मॅडमकडं पाहिलं. त्या वास घेत होत्या, छाती भरून.

एका कोपीतून एक बाई बाहेर आली. "कोन पायजे?"

"कोन न्हाई," कमल म्हणाली. "आमच्या मॅडम हायत. जरा गाडीखाली बसायचंय त्यांना."

कुणालाही हे वेडेपणाचं वाटलं असतं. त्या बाईनं एकदा मॅडमकडं बघितलं, आत गेली, एक गोधडी आणून गाडीखाली टाकली आणि म्हणाली, "बसू द्या की. गाडी कुटं पळून चाललीय."

मॅडमना वाकायला मदत करायला आम्ही पुढं झालो, पण त्यांनी डाव्या हातानं चाकाचा आरा धरला आणि आमच्या आधाराची वाट न बघता आत शिरल्या. पन्नाशीची, निम्मं अंग दुबळं झालेली बाई, पण डोकं नेमकं कुठं खाली करायचं ते अंगाला ठाऊक होतं. त्या आडव्या झाल्या. वर गाडीच्या फळ्या, फळ्यांच्या फटींतून येणाऱ्या उन्हाच्या बारीक रेघा त्यांच्या तोंडावर. आम्ही सगळे बाहेर उन्हात उभे. बैलांच्या गळ्यातली घंटा मधूनच वाजत होती, आणि त्या सगळ्या दुपारला झोप लागत असावी असं वाटत होतं.

भानुदास चाकापाशी उकिडवा बसला. मॅडमची जी पद्धत होती तीच त्यानं धरली. फार हळू म्हणाला, "मॅडम, सैल सोडा."

त्यांनी डोळे मिटले. खांदे खाली आले. गोधडीवर टेकलेली उजवी मूठ मी बघत होतो. आधी करंगळी हलली. मग एकेक बोट उलगडत गेलं, आणि तळहात वर करून तो हात मातीवर मोकळा पडला.

"वारा कुनीकडनं येतोय, मॅडम?" भानुदासनं विचारलं.

गाडीखालून त्यांचे दोन पाय तेवढे बाहेर आले होते.

"हिकडनं," त्या म्हणाल्या.